चतुर मोजणी

२९ जून, रविवार

ही डायरी सुनेने दिली. अंकिता इथल्याच हायस्कुलात विज्ञान शिकवते, त्यामुळे तिच्याकडे कोऱ्या वह्यांना तोटा नाही. देताना म्हणाली, "बाबा, गल्ल्यावर बसून जे गिऱ्हाइकांना ऐकवत होते नं, ते याच्यात लिहा. ही उठून नाई जात."

शोभा आतून हसली. बायको हसली की समजावं, आधीच ठरलेलं आहे.

झालं असं. गेल्या महिन्यात मी जिजाबाईंना एवढंच म्हणालो, की उपासाला एवढा साबुदाणा लागत असेल तर उपास करताच कशाला. यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. पण जिजाबाई दुसऱ्या दुकानात जाऊ लागल्या आणि शोभाने गल्ल्याची किल्ली माझ्या करदोड्याची सोडून आपल्या पदराला बांधली. जन्मभर किराणा विकला, आता घरातच मला कोणी फुकट घेत नाही.

सचिनकडे जाऊन बसावं म्हटलं. हायवेच्या पुलाला लागून त्याने 'चकाचक वॉशिंग सेंटर' काढलं, त्याला वर्ष झालं. कारंजाच्या ढाब्यांवर थांबणारे ट्रकसुद्धा आता धुवायला आमच्या गावात येतात. पोरगा कष्टाळू आहे. पण मला म्हणतो, "बाबा, अथी प्रेशरचं पानी उडते, भिजान तुमी."

एकूण काय, मी कुठेच नको आहे.

५ जुलै, शनिवार

अंकिताने काम दिलं! शाळेतर्फे मोतीनाल्याची तब्येत तपासायची आहे. मला वाटलं बाटलीत पाणी भरून वर्ध्याला पाठवायचं असेल. म्हणाली, "बाटलीतलं पाणी त्या दिवसापुरतं सांगते, बाबा. चतुराचं पिल्लू महिना-दोन महिने पाण्यातच वाढते, मग त्याले पंख फुटतात. पाणी नासलं तर ते मरते. म्हणून ते साऱ्या दिवसांचं सांगते."

चतुर म्हणजे तो चार पंखांचा लांब शेपटीचा किडा. आमच्याकडे पोरं त्याला हेलिकॉप्टर म्हणतात. त्याचं पिल्लू पाण्यात शेपटीकडून श्वास घेतं, हे ऐकून मी दोनदा विचारून खात्री केली. देवाच्या लीला.

नाल्याचे तिने दोन भाग पाडले. हायवेच्या पुलाच्या वरचा, म्हणजे जिकडून पाणी येतं तो, आणि पुलाच्या खालचा, जिकडे वाहून जातं तो. खालच्या भागात बैलउतार आहे. माझ्या आजोबांच्या आधीपासून पोळ्याच्या आदल्या दिवशी गावचे बैल तिथे धुतात. मागच्या पोळ्याला मात्र धुतलेल्या बैलांना खाज सुटली. यंदा उतारावर बैल न्यायला कोणी तयार नाही, मोटरच्या पाण्याने घरीच धुणार म्हणतात. हे काही मला बरं वाटत नाही. कशाने झालं ते शोधून काढायचंच, असं मी मनाशी पक्कं केलं.

अंकिता म्हणाली, "पोरं मोजताना घाई करतात. तुमची नजर बारीक." घरात मला ओळखणारं एक तरी माणूस आहे.

१३ जुलै, रविवार

आज फजिती झाली.

एकट्याने मोजण्यापेक्षा गावालाही गोडी लागावी, म्हणून मी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'रविवारी सकाळी सात वाजता मोतीनाल्याच्या पुलावर गावातील चतुर मोजले जातील. ज्यांना रस असेल त्यांनी यावे.'

सकाळी पुलावर जत्रा. लोक इस्त्रीचे कपडे घालून आले होते. माजी उपसरपंच विचारत होते, निवड समितीवर कोण आहे. प्रमिलाबाई नातवाला तेल लावून, भांग पाडून, त्याचं स्कॉलरशिपचं प्रमाणपत्र घेऊन उभ्या. पलीकडच्या वॉर्डातल्या दोघांची जुंपली होती, की दरवेळी यादीत इकडचेच चतुर काऊन असतात.

तेवढ्यात डोमाजी आला. हा माझा शेजारी, पहिलीपासूनचा सोबती. घरी सहा म्हशी, एक बैलजोडी आणि तोंडात तिखट जीभ. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की खोचक कवनं म्हणतात नं, त्या झडत्यांत त्याचा हात धरणारा कोणी नाही. एके काळी मी त्याला उलट झडती द्यायचो. पुढे सोडलं. लोक म्हणतात डोमाजीने हरवलं म्हणून. तसं काही नाही, माझा घसा बसला होता.

तर डोमाजी म्हणाला, "किसना, मोजनी तू करून राह्यला म्हंजे तुह्यं नाव तं यादीत नसनच."

मी सगळ्यांना शांत करून चतुर म्हणजे काय ते सांगितलं.

"म्हंजे हेलिकॉप्टर?" प्रमिलाबाई म्हणाल्या.

"हो."

"मंग हेलिकॉप्टर मोजाचे हायेत असं लिव्हाचं नं, भाऊ! पोट्टं धुवून आनलं मी!"

अर्धे लोक घरी गेले. उरलेल्या अर्ध्यांनी एवढा गलका केला की एक चतुर खाली बसला असेल तर शपथ.

१४ जुलै, सोमवार

शोभाला म्हणालो, आता टाचण्याही मोजायच्या आहेत. तिने दुकानातून टाचण्यांची डबी काढून दिली. टाचणी म्हणजे चतुराची बारीक बहीण, बसताना पंख मिटून बसते, हे तिला समजावलं. डबी परत केली तर म्हणाली, "मोजून द्या."

२० जुलै, रविवार

शाळेच्या मैदानावर आज पिवळट चतुरांचे थवेच्या थवे. मी वहीत 'अगणित' असं लिहून, नाला ठणठणीत असल्याचा शेरा मारून मोकळा झालो. अंकिताने वाचलं आणि शेरा खोडला.

"हे पाहुणे हायेत, बाबा. पावसाच्या वाऱ्यासोबत लांबून येतात. पाहुण्यांवरून घर कसं कळन? घरचे मोजा."

घरचे कसे ओळखायचे ते तिने पुलाच्या वर नेऊन दाखवलं. पिल्लू मोठं झालं की पाण्यातून लव्हाळ्यावर चढतं, पाठ उकलते, आतून चतुर निघून उडून जातो आणि मागे कात राहते. पोकळ, वाळकी, सहा पायांनी पानाला घट्ट धरलेली. कात सापडली म्हणजे तो तिथेच जन्मला, तिथेच वाढला. उडणारा कुठूनही येईल, पण कात खोटं बोलत नाही.

मी एक कात काडेपेटीत घालून दुकानात नेली. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवली. जिजाबाईही बऱ्याच दिवसांनी आल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून कात पाहिली, "अगो माय!" म्हणाल्या आणि एक किलो साबुदाणा घेतला. मी एक शब्द बोललो नाही. शोभाने माझ्या कपाळाला हात लावून ताप तर नाही ना ते पाहिलं.

२७ जुलै, रविवार

आज पहिली खरी मोजणी. पुलाच्या वर काती भरपूर, लाल चतुर, निळे चतुर, टाचण्या तर विचारू नका. पुलाच्या खाली एकही कात नाही. वरून दोन-चार चतुर उडत आले, पाण्यावर घिरटी घातली आणि परत गेले, लग्नात जेवण संपल्याचं कळल्यावर माणसं जातात तसे. उतारावर पांढरा फेस साचला होता, वर तेलाचा रंगीत तवंग.

आणि तिथेच काठावर डोमाजीच्या सहा म्हशी बसलेल्या! गुन्हेगार सापडला.

घरी येऊन अंकिताला सांगितलं. तिने विचारलं, "पण फेस म्हशीचा असते का, बाबा?"

"म्हैस दूध देते, दुधाला फेस येतो," मी समजावलं. शिकलेली असली तरी पोरीला गुराढोरांची माहिती कमीच. ती माझ्याकडे बघत राहिली, मग स्वयंपाकघरात गेली. तिथून सासू-सुनेची कुजबुज बराच वेळ ऐकू येत होती.

३ ऑगस्ट, रविवार

आज मन भरून आलं.

मोजणी करून सचिनच्या सेंटरवर टेकलो. एक काळी गाडी नुकतीच धुऊन, पुसून उभी होती, इतकी लख्ख की तिच्यात ढग दिसत होते. तेवढ्यात एक लाल चतुरी आली आणि गाडीच्या बॉनेटवर शेपटीचं टोक टेकवून उडाली. पुन्हा आली, पुन्हा टेकवलं. किती वेळ तिचं हे चाललं होतं. सचिन फडकं घेऊन धावला, "ठिपके पडून राह्यले नं!" मी म्हणालो, "राहू दे रे, तुह्या कामाची तारीफ करून राह्यली थे."

रात्री जेवताना हा प्रसंग मी रंगवून सांगितला. अंकिताचा घास हातातच राहिला.

"शेपटी टेकवत होती? पुन्हा पुन्हा?"

"हो."

"ती अंडी देत होती, बाबा. चकाकते म्हणून तिले ते पाणी वाटलं."

सचिनने मान वर केली. "मंग? त्या अंड्यांचं काय होते?"

"काय होईल? पत्र्यावर वाळून जातात."

"पन नाला तं बाजूलेच हाये. तथी काऊन नाई देत?"

अंकिताने घास ताटात परत ठेवला. त्याच्याकडे पाहत राहिली फक्त. मी म्हणालो, "बघ सचिन, एवढी चमक आणतोस की चतुरालाही फसवतोस! चतुराला फसवणारा माझा पोरगा!" कोणी हसलं नाही. हल्लीच्या पोरांना विनोद कळत नाही. सचिन तर अर्ध्या जेवणातून उठला. फार काम करतो.

१० ऑगस्ट, रविवार

डोमाजीला तोंडावर सांगितलं, की तुझ्या म्हशींनी बैलउतार नासवला.

तो भडकला. "माह्या म्हशी? माह्या बापाच्या बापाच्या म्हशी याच नाल्यात लोळल्या, तवा हे तुहे चतुर मेले नाई! आता काऊन मरून राह्यले?" आणि त्याच पायी सहाही म्हशी हाकत त्याने पुलाच्या वरच्या अंगाला नेऊन बसवल्या. "आता पाहून घेजो. मोज, लेका, मोज."

१४ ऑगस्ट, गुरुवार

म्हशी वर बसतात, तरी वरच्या काती कमी झाल्या नाहीत. उलट म्हशींभोवती माश्या जमतात म्हणून चतुर खूश. आज तर एक निळा चतुर म्हशीच्या शिंगावर ऐटीत बसला होता. डोमाजी ओरडला, "हा बी लिहून घे! शिंगावरचा एक!"

मी वहीत 'अपवाद' असं लिहिलं.

आणि म्हशी नसूनही पुलाच्या खाली फेस तसाच आहे. म्हशींचा परिणाम बराच काळ टिकत असावा.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनानंतर ग्रामसभा झाली. बैलउताराचा विषय निघाला. यंदाही बैल घरीच धुवायचे, असं म्हणताना म्हाताऱ्या माणसांचे चेहरे उतरले. मला राहवलं नाही. मी उभा राहिलो.

"जो कोनी मोतीनाला नासवून राह्यला, त्याले मी पोळ्याच्या तोरणाखाली साऱ्या गावासमोर कान धरून पाच उठाबशा काढाले लावीन. नाई लावल्या, तं मी काढीन!"

टाळ्यांचा कडकडाट. सगळ्यात जास्त टाळ्या डोमाजीने वाजवल्या, याचं मला नवल वाटलं. सचिन मागे उभा होता, पण सभा संपायच्या आधीच निघून गेला. त्याला फोन आला असावा.

शब्द तर दिला. आता सात दिवसांत गुन्हेगार पक्का करायला हवा. डोमाजीच असेल तर त्याला साऱ्या गावासमोर कान धरायला लावायचं, या विचाराने मजा वाटते आणि थोडं वाईटही. शेवटी पहिलीपासूनचा सोबती आहे.

१८ ऑगस्ट, सोमवार

अंकिताने नाल्याचा नकाशा काढायला लावला. पुलाच्या आसपास जे जे आहे ते दाखवा म्हणाली. मी कडुनिंब दाखवला, मारुतीचं देऊळ दाखवलं, म्हशींची जागा लाल पेनने रंगवली.

"अजून काय हाये तिथे, बाबा?"

"अजून काही नाही. आपल्या सचिनचं सेंटर."

"हं. अजून?"

"म्हटलं नं, अजून काही नाही."

तिने दोन्ही हातांनी कपाळ दाबलं. पेपर तपासून पोरीचं डोकं दुखतं.

संध्याकाळी ती डोमाजीच्या फाटकातून बाहेर येताना दिसली. ताक आणायला गेले होते म्हणाली. हातात भांडं नव्हतं. आणि आपल्या घरी ताक असताना त्या माणसाच्या दारात जायचंच कशाला?

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

जसं झालं तसं लिहितो.

दुपारनंतर देवळासमोर तोरण बांधलं. बैल रांगेत उभे राहिले. झुली, बाशिंगं, शिंगांना बेगड. डफडं वाजत होतं. डोमाजीच्या जोडीने तर सगळ्यांचे डोळे दिपवले, पण बैल मोटरच्या पाण्याने धुतलेले. मी मनात भाषण तयार ठेवलं होतं. म्हशींचं नाव घ्यायचं, मग डोमाजीकडे बोट करायचं, मग मोठ्या मनाने पाचाच्या तीन उठाबशा करायच्या.

मी पुढे होणार एवढ्यात डोमाजीनेच हात वर करून झडती सुरू केली:

"चतुर मोजे किसनराव, घेऊन वही-पेन,
पुलावरतं भरलं गोकुळ, पुलाखालतं ऐन
साबनाचा फेस वाहे, तेल वाहे, मेन,
म्हशीले का शाम्पू लागते? सांगा कोनी ज्ञानवान!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला!"

"हर हर महादेव!" गाव गरजलं आणि हसलं. मीही हसलो. मोठ्याने हसलो. कवन चांगलं होतं, डोमाजीला सुचण्यासारखं वाटत नव्हतं. म्हशीला शाम्पू! मग माझ्या लक्षात आलं की बाकीचे हसायचे थांबले आहेत आणि सगळे माझ्याकडे बघताहेत. काही माझ्याकडे, आणि काही माझ्या मागे.

मी मागे वळलो. गर्दीच्या कडेला सचिन उभा होता, धुतल्या गाडीसारखा पांढरा पडलेला. त्याच्या बाजूला अंकिता, मान खाली घालून. शोभाने तोंडाला पदर लावला होता.

शाम्पू. फेस. तेलाचा तवंग. सेंटरला वर्ष झालं, बैलांची खाज मागच्या पोळ्याची. त्या लाल चतुरीला नाला बाजूला असून पत्र्यावर अंडी द्यावी लागली. सगळं माझ्याच अक्षरात वहीत लिहिलेलं होतं आणि सगळ्या गावाला दिसत होतं. एकट्या मला सोडून.

मला पोराचा राग आला, आणि त्याच वेळी त्याची माया आली. सगळ्यात जास्त लाज माझी मला वाटली. पळून जावं असं वाटलं, पण समोर बैल, मागे गाव. आणि का कोण जाणे, इतक्या वर्षांचा बसलेला घसा मोकळा झाला. मी तोरणाखाली जाऊन उभा राहिलो.

"दुसऱ्याच्या म्हशी मोजता मोजता नजर माही गेली,
चतुर गेले उडून, माही चतुराई मेली,
माह्याच घरच्या साबनानं नाल्याची दैना केली,
धरतो कान मीच पह्यले, चूक घरात झाली!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला!"

असा 'हर हर महादेव' मी उभ्या जन्मात ऐकला नाही. बैल दचकले. मी दोन्ही कान धरले आणि खाली बसलो. बसलो ते ठीक, उठता येईना. गुडघ्यांनी नकार दिला. तेवढ्यात कोणीतरी काखेत हात घालून मला उठवलं.

"बाबा, तुमी राहू द्या. माह्या हायेत त्या."

सचिनने कान धरले आणि भराभर पाच उठाबशा काढल्या. मग गावाकडे तोंड करून म्हणाला, "मले समजत होतं. पन सेंटर चालू लागलं होतं नं, म्हनून पाहून न पाह्यल्यासारखं केलं. दसऱ्याच्या आंधी बंदोबस्त करतो. नाई केला तं सेंटर बंद."

डोमाजी पुढे आला. मला वाटलं आता तिसरी झडती. पण त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानात म्हणाला, "घसा बरा झाला का बे तुहा?"

तोरण तुटलं, बैल घराकडे धावले, त्यांच्यामागे पोरं. मी रडत होतो. पण दुःखाने नाही, हे इथे लिहून ठेवतो.

२३ ऑगस्ट, शनिवार

डोमाजीला विचारलं, झडती कोणी लिहून दिली. म्हणाला, "महादेवानं." असेलही.

३१ ऑगस्ट, रविवार

दिवसभर खोदकाम. सेंटरचं पाणी आता नाल्यात जाणार नाही. पहिल्या टाक्यात गाळ खाली बसेल, दुसऱ्यात तेल वर तरंगेल ते काढून घ्यायचं, आणि उरलेलं पाणी नाल्यापासून लांब, दगड-विटांच्या शोषखड्ड्यात. आराखडा अंकिताचा. तो तिच्याकडे आधीपासूनच काढून तयार होता, यावरून ती किती झटपट काम करते ते दिसतं. धुतलेल्या गाड्या आता सावलीत उभ्या राहतील, वर ताडपत्री, म्हणजे कोण्या चतुरीला फसवायला नको.

दगड डोमाजीच्या बैलबंडीतून आले. भाडं त्याने घेतलं नाही, पण अट घातली. मला त्याच्या गोठ्यात नेलं आणि सहाही म्हशींची एकेक करून माफी मागायला लावली. "नावानिशी," म्हणाला. मी मागितली. चौथी, तिचं नाव मैना, तिने माझा सदरा चाटला. डोमाजी म्हणाला, "इनं माफ केलं. बाकीच्यायचं पाहू."

इतका मी लग्नातही हसलो नव्हतो.

१४ सप्टेंबर, रविवार

खाली काहीच नाही. फेस गेला, तवंग गेला, पण कात नाही. आज तासभर लव्हाळ्यात वाकून पाठ मोडली.

खरं सांगू? भीती वाटते. पोराने एवढं केलं, आणि नाला परत आलाच नाही तर? सचिन रोज संध्याकाळी विचारतो, "सापडली का, बाबा?" नाही म्हणताना माझा जीव खालीवर होतो. अंकिता म्हणते थांबा. मास्तरीण बाईंचं बरं आहे, त्यांना परीक्षेच्या निकालाची वाट पाहायची सवय असते.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

तालुक्यातल्या सगळ्या ट्रकांना, ट्रॅक्टरांना आजच आंघोळ हवी होती. पहाटेपासून रांग. सचिनला श्वास घ्यायला सवड नाही. मी दुसऱ्या टाक्याजवळ डबा घेऊन बसलो आणि वर आलेलं तेल काढत राहिलो. दुपारी उतारावर जाऊन पाहिलं. पाण्यात तळाचे गोटे दिसत होते.

सेंटरवर मला आता कोणी भिजाल म्हणत नाही. मी नखशिखांत भिजलो होतो.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी उतारावर गेलो तर डोमाजी आधीच तिथे. बैलजोडी गुडघाभर पाण्यात उभी, आणि हा त्यांच्या पाठी चोळतोय. वर्षाहून जास्त झालं असेल उताराने बैल पाहिल्याला. "पोळ्याची वाट कोन पाह्यते," म्हणाला, "खाज सुटली तं म्हशींनं देल्लेली तुही मापी रद्द."

मी लव्हाळ्याकडे वळलो. आणि थबकलो.

पाण्याच्या वर एका पानाला एक करडं पिल्लू धरून बसलं होतं. त्याची पाठ उकलत होती.

"डोमा, हालू नको. बैलं हालवू नको."

"अरे, बैलं हायेत थे, पुतळे नाई."

"श्श!"

तोही पाण्यातून हळूच आला. आम्ही दोघं म्हातारे चिखलात गुडघे टेकून बसलो. पाठीतून डोकं आलं, मग चुरगळलेले ओले पंख. किती वेळ गेला देव जाणे. पंख उलगडले, वाळले, उन्हात काचेसारखे झाले. डोमाजीसारखा बडबड्या माणूस, पण बैलांनाही बोटानेच गप्प करत होता. मग चतुराने एकदा अंग थरथरवलं आणि तो उडाला, आमच्या डोक्यांवरून, पुलाकडे.

पानावर कात राहिली.

मी ओरडलो, "सचिन! ए सचिन!" तो वरून हातातला पाइप तसाच सोडून धावत आला, मागून अंकिताही आली. मी बोटाने दाखवलं. सचिन वाकला, पाहिलं, आणि माझ्या पायांशी चिखलात बसला. अंकिता एकाच वेळी हसत आणि डोळे पुसत होती. म्हणाली, "पाहुणा नाई, बाबा. घरचा हाये."

मी तिथेच वहीत लिहिलं: पुलाखाली, कात एक. घरची.

परत येताना अंकिताला विचारलं, "नाल्याचे दोन भाग करायला तुला नेमका पूलच कसा सुचला गं?"

"असंच, बाबा," ती म्हणाली.

पोरगी भोळी आहे. एवढी मोठी गोष्ट तिच्या हातून निव्वळ योगायोगाने घडली. म्हटलं, घरात एक तरी डोकं चालणारं माणूस असावं लागतं, म्हणून देवाने मला ठेवलं आहे.

संध्याकाळी दुकानात शोभाने नव्या कातीची काडेपेटी मागून घेतली आणि गल्ल्यावर, लक्ष्मीच्या फोटोखाली ठेवली. जिजाबाई, प्रमिलाबाई, सगळ्या येऊन पाहून गेल्या. प्रमिलाबाईंनी नातवालाही आणलं होतं, पुन्हा धुवून. शेवटी डोमाजी आला. कात पाहून झाल्यावर त्याने आत, जिथे सासू-सुना चहा करत होत्या तिकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाला, "किसना, तुह्या त्या मोजनीचं सांगतो तुले. गावात सगळ्यायहून चतुर माणूस तुह्या घरात राह्यते."

मी नम्रपणे मान लववली. उशिरा का होईना, मित्राने मला ओळखलं.